आभार मानणं खोटं वाटतं तेव्हा

प्रश्न: माझं वय ६८. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं, साखरेच्या गोळ्या १२ वर्षं चालू आहेत. लेक म्हणते, आई, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिही. चार महिने लिहितेय, पण खोटं वाटतं. हल्ली तर आदल्या दिवसाचंच उतरवून काढते. प्रार्थनेला बसते, मन लागत नाही. पूर्वी असं नव्हतं. लोक म्हणतात, तुझं सगळं छान चाललंय, देवाचे आभार मान. मी कृतघ्न झालेय का? की श्रद्धाच संपली?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मला आधी दिसल्या त्या साखरेच्या गोळ्या आणि कमी झालेलं ऐकू. विचारलं श्रद्धेचं आणि ही बाई गोळ्यांवर घसरली, असं वाटेल तुम्हाला. पण ३४ वर्षं मी म्हाताऱ्या माणसांनाच तपासत आले, आता स्वतः ७१ची आहे, आणि 'मन लागत नाही' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याच्यामागे काय काय दडून बसतं ते पाठ झालंय. त्यातलं बरंचसं शरीरातलं असतं. ते आधी निपटू.

तुमच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध असेल, बहुतेकांच्या असतं, तर ते वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या रक्तातलं बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. जोडीला ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर आणखीच. बी-१२ उतरलं की थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, विसरायला होतं आणि मनही उतरतं. थायरॉइड मंदावलं तरी साधारण हेच. दोन्ही तपासण्या एकाच वेळच्या रक्तात होतात. करून घ्या.

दुसरं नैराश्य. या वयात ते रडत येतंच असं नाही. 'कशातच गोडी नाही' एवढंच म्हणत येतं. पहाटे तीन-चारला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, भूक मेलेली, कपडे सैल व्हायला लागलेले, लाडक्या माणसाचा फोनसुद्धा नकोसा. हे दोन आठवड्यांहून जास्त रोजच्या रोज चालू असेल तर डॉक्टरांकडे जा. 'आता जगून काय करायचंय' असं मनात येत असेल तर आजच जा, आणि लेकीला सांगून जा. नैराश्यावर औषध आहे, ते ६८ व्या वर्षीही लागू पडतं. त्याला श्रद्धेची कमतरता समजून माणसं वर्षं काढतात, याचा मला अजून राग येतो. दुःखाची चाल वेगळी असते. ते येतं, जातं, आणि मधल्या वेळात एखाद्या पोराच्या बोलण्यावर खुदकन हसूही येतं. दीड वर्षाने यजमानांच्या आठवणीने डोळे भरून येत असतील, तर तो काही आजार नव्हे.

आता कान. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे, ७६ वर्षांचे. सामुदायिक प्रार्थनेला आयुष्यभर न चुकता गेलेले, आणि एकाएकी जाणं बंद. घरचे घाबरले. मला म्हणाले, "डॉक्टर, देव लांब गेला." मी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहिले आणि दोन-तीन शब्द कुजबुजले. एकही कळला नाही. वयाने ऐकू जातं ते आधी वरच्या पट्टीतलं जातं. आवाज येतो, पण स, श, फ असली अक्षरं गळून पडतात, त्यामुळे कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. प्रार्थनेत सगळे थांबायचे आणि हे एकटेच पुढे म्हणत राहायचे. दोनदा लोकांनी वळून पाहिलं. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत. कानाचं मशीन घेतलं तर पहिले दोन महिने मलाच बोल लावत होते, कारण त्यातून भांडी आदळल्याचा आणि वर्तमानपत्र उलगडल्याचा आवाज तेवढा दणदणीत यायचा. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. मग हळूहळू पुन्हा जायला लागले, मागच्या रांगेत बसायचे. देव मधल्या काळात कुठे होता, ते मी विचारलं नाही.

वहीकडे येते. तीन चांगल्या गोष्टींचा सल्ला हवेतला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून २००५ साली प्रसिद्ध केला. पण त्यात दोन बारकावे होते. प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हे लिहायचं होतं, आणि हे सगळं फक्त एक आठवडा करायचं होतं. सल्ला तोंडातोंडी फिरत गेला तसा 'का' गळून पडला आणि आठवड्याचा जन्मभर झाला. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने मांडलेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा लिहिणाऱ्यांना फरक पडला नाही. रोज केलं की ते काम होतं, आणि कामाचा कंटाळा येतो. तुम्ही चार महिने रोज लिहिलंत. आदल्या दिवसाचं उतरवायची वेळ आली यात तुमचा काही दोष नाही, मीही तेच केलं असतं.

हे सगळं तरुण, धडधाकट लोकांपुरतंच, असंही समजू नका. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात तीन प्रयोग होते. दोन विद्यार्थ्यांवर केलेले, पण तिसऱ्यात स्नायू आणि नसांचे जुनाट आजार असलेली माणसं होती, आणि तीन आठवडे रोज लिहून त्यांनाही बरं वाटलं. आजार जागच्या जागी होता. फरक मनःस्थितीत पडला, आणि झोपेतही. एवढं थोडकं यश मला खरं वाटतं. कृतज्ञतेने गुडघे बरे होतात असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा.

'का' लिहिण्याला मी एवढं महत्त्व का देते, ते सांगते. 'आज गुडघा कमी दुखला' एवढंच लिहिलं तर ती हवामानाची नोंद झाली. 'कमी दुखला, कारण खालच्या मजल्यावरच्या मुलीने पिशवी वर आणून दिली' असं लिहिलं की कागदावर माणूस येतो. आभार मानायला समोर कुणीतरी लागतं. आणि तो कुणीतरी आला की दुसरी गोष्टही उघडी पडते, पिशवी आपल्याला उचलवली नाही ही. माझ्या मते खरी अडचण इथे आहे, आणि म्हणूनच वहीत 'पाऊस छान पडला' असलं सुरक्षित काहीतरी लिहिलं जातं.

माझंच उदाहरण देते. पाच वर्षांपूर्वी एका आजींना सलाईन लावायचं होतं. म्हाताऱ्या हाताची शीर ठसठशीत दिसते, पण कातडीखाली सरकते, म्हणून अंगठ्याने कातडी खाली ताणून धरायची आणि सुई जवळजवळ आडवी घालायची. हे मी कितीतरी मुलामुलींना शिकवलंय. त्या दिवशी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नवी सुई घेतली आणि तिचं टोक थरथरताना मला दिसलं. आजींनाही दिसलं. शेजारी सिस्टर उभी होती, पंचविशीची असेल. ती काही बोलली नाही, तिने नुसता हात पुढे केला. मी सुई लगेच दिली नाही. चार-पाच सेकंद गेले असतील, पण तेवढ्यात मला तिचा राग आला, त्या थरथरीचा आला, आजी बघतायत याचाही आला. मग दिली. तिने पहिल्या झटक्यात शीर पकडली. आजी मला म्हणाल्या, "बसा हो डॉक्टर, तुम्ही पण दमलात."

बाहेर आल्यावर सिस्टरला थँक्यू म्हणाले. ते तोंडदेखलं होतं, तिलाही कळलं असणार. खरं म्हणायला मला आठ दिवस लागले. तिला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या दिवशी तू काही बोलली नाहीस, त्याबद्दल." ती लाजली आणि पळाली. माझ्या आयुष्यात मी मनापासून मानलेले आभार फार नसतील. हे त्यातले आहेत, आणि त्यांच्या आधी राग होता.

आपण जन्मभर देणाऱ्याच्या बाजूला उभ्या असतो. पोरांचं करा, घरच्यांचं करा, पाहुण्यांचं करा. देताना हात वर असतो. म्हातारपण तो हात खाली आणायला लावतं, आणि घ्यायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं. मोजे चढवून घ्यायला पाय पुढे करणं हे माझ्या एका पेशंटला, आयुष्यभर अधिकारपदावर काढलेल्या माणसाला, ऑपरेशनपेक्षा कठीण गेलं होतं. मुलगा खाली बसला की ते भिंतीकडे बघायचे. "तुला त्रास," असं पुटपुटायचे. मी त्यांना एवढंच सांगितलं की भिंतीकडे बघू नका, मुलाकडे बघा, आणि 'त्रास' म्हणण्याऐवजी काय बरं वाटलं ते सांगा. पुढच्या खेपेला मुलगाच सांगत होता, "बाबा म्हणाले, तुझे हात गरम आहेत, बरं वाटतं." मुलाचा गळा दाटून आला होता. वडिलांना ते काही विशेष वाटलं नव्हतं.

मदत घेणारे किती तऱ्हांचे असतात ते रोज बघते. जे 'सॉरी, सॉरी' करत राहतात, त्यांचं करताना करणाराही दमतो, कारण त्याला हातातलं काम सोडून समजूत काढत बसावं लागतं. जे 'जरा सावकाश, डावा आधी' असं नीट सांगतात आणि झाल्यावर चेहऱ्याकडे बघतात, त्यांच्याभोवती माणसं टिकतात. तुम्ही उद्यापासून एवढंच करून बघा, ताई. वहीच्या आधी हे. दिवसात एकदा कुणाचा तरी हात लागतोच. तो लागला की माफी मागू नका.

'हात लागतो म्हणजे मी निकामी' हा हिशेब मात्र मोडायला हवा. मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी २००२ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांची माहिती तपासली. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत बरं होतं ती माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली होती. यावरून नुसतं चांगलं बोलल्याने आयुष्य वाढतं असं निघत नाही, दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच. पण 'या वयात काय करायचंय' म्हणत जी व्यायाम सोडतात, चष्मा बदलत नाहीत, कान तपासत नाहीत, ती माणसं मी पाहिली आहेत. शेवटी पायऱ्यांवर पडतात.

आता श्रद्धेचं. तुमच्या यजमानांच्या आजारपणात तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली असणार. ते गेले. त्यानंतर रोज त्याच जागी बसून तेच ठरलेले शब्द म्हणता आहात आणि मधल्या गोष्टीचा विषयच काढत नाही. दोन माणसांमध्ये असं झालं असतं तर बोलणं किती दिवस टिकलं असतं? मला विचाराल तर तुमचं मन लागत नाही कारण तुम्ही रागावलेल्या आहात, आणि रागावणं पाप आहे अशी तुमची समजूत आहे. चुकत असेन तर सोडून द्या.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली रुग्णालयातल्या ५५ वर्षांपुढच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षांचा अभ्यास छापला. देवाने मला टाकलं, देव मला शिक्षा करतोय, या विचारांशी जी झगडत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हे घाबरवायला सांगत नाही. मी त्यातून माझ्यापुरता धडा घेतला, की पेशंटला झोप आणि पोट साफ होतं का हे विचारते तसं 'देवावर रुसलाय का?' हेही विचारायचं. विचारलं की माणसं आधी चपापतात आणि मग घळाघळा बोलतात. तुकोबांनी देवाला तोंडावर सुनावलंय. यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनांमधलं एकाहत्तरावं स्तोत्र तर माझ्या पेशंटांच्या तोंडचंच वाटतं, म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, शक्ती सरली म्हणून सोडू नकोस. ही सगळी श्रद्धावान माणसं. तेव्हा तुम्ही मला जे लिहिलंत, गुडघ्यांपासून यजमानांपर्यंत, तेच प्रार्थनेला बसल्यावर म्हणा. छान शब्द शोधू नका. पाच मिनिटं गप्प बसलात तरी चालेल.

ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांच्याशीही मी असंच बोलते, फक्त तक्रार ऐकायला माणूस शोधावा लागतो. माझ्या पाहण्यात दोन्ही बाजूंची माणसं शांतपणे म्हातारी झाली आहेत आणि दोन्ही बाजूंची कडवटही झाली आहेत.

एक राहिलं, यजमान. त्यांच्याबद्दलची कृतज्ञता लिहायला गेलात तर दुःखच वर येतं, म्हणून वहीत त्यांचं नाव नसेल असा माझा अंदाज आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलं की म्हातारी माणसं मागचं आठवत बसतात ते नुसतं रमणं नसतं, आयुष्य तपासून बघण्याची ती स्वाभाविक क्रिया असते. आणि तपासताना राहून गेलेलंही सापडतं. एका बाईंना मी गेलेल्या नवऱ्याला पत्र लिहायला सांगितलं होतं. म्हणाल्या, सुचत नाही. मग म्हटलं, भांडण लिहा. पहिली दोन पानं भांडणच होतं. कधी दिवा बंद केला नाहीत, औषधं माझ्यापासून लपवलीत, माझ्या आईच्या आजारपणात एकदाच आलात. तिसऱ्या पानावर होतं की त्या एका खेपेला त्यांनी सासूबाईंची नखं कापली होती, कुणी न सांगता. तिथे बाईंचं अक्षर बदललं होतं. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि मग परत मागून घेतलं. सगळ्यांच्याच तिसऱ्या पानावर असं काही निघतं असं नाही. ज्याने आयुष्यभर छळलं त्याचे आभार मानायची कुणावर सक्ती नाही, हेही सांगून ठेवते, कारण या विषयावर बोलणारे ते हटकून विसरतात.

लोकांच्या 'तुझं सगळं छान चाललंय'वर फार वेळ घालवू नका. दुसऱ्याचं वाईट पाहून आपलं बरं वाटतं, तो सुटकेचा निःश्वास असतो आणि दुपारपर्यंत विरतो. शिवाय हे बोलणाऱ्याला बहुतेक वेळा तुमचं ऐकायचं नसतं.

तेव्हा लेकीला सांगा की वही बंद केलेली नाही, आठवड्यावर आणली आहे. एक दिवस ठरवा, त्या दिवशी एकच गोष्ट लिहा, पण 'का'सकट, आणि त्या 'का'मध्ये माणूस असेल तर त्याला ती वाचून दाखवा. पहिला मान लेकीलाच द्या. चार महिने ती रोज विचारतेय ना, 'आई, लिहिलंस का?' तिला उत्तर हवं असेल ते वहीचं नसेल, तुम्ही कशा आहात याचं असेल. तिलाही वडील गेल्याचं दीड वर्षच झालंय.

रक्त आणि कान या आठवड्यात तपासून घ्या. कानाच्या तपासणीला लेकीला बरोबर न्या, नाहीतर डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला अर्धंच ऐकू येईल. रिपोर्ट आले की मला लिहा, प्रार्थनेचं पुढचं त्यानंतर बोलू.